मॉरिशसमध्ये हॉटेलबाहेर जेवायचं तर घड्याळ बघून

प्रेषक: अदिती
प्रति: मंडळाची यादी
विषय: मॉरिशस, साधी खाण्याची ठिकाणं

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात आम्ही दोघं पर्थहून मॉरिशसला जातोय, मुक्काम पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक आं फ्लाकला. हॉटेलच्या बुफेत अडकायचं नाही. गाड्या, टपऱ्या, लहान खानावळी, बाजार एवढंच हवंय. मी शाकाहारी (अंडं चालतं), निखिल मासे खातो, बीफ-पोर्क दोघांनाही नको. कुठल्या गावात काय आणि किती वाजता, हे कोणी सांगेल का? मंडळात मॉरिशसची बरीच कुटुंबं आहेत म्हणून इथेच विचारतेय.

अदिती

---

प्रेषक: मिलिंद
विषय: उत्तर: मॉरिशस, साधी खाण्याची ठिकाणं

अदिती,

गावांच्या आधी वेळा पाठ करा. तिथलं स्वस्त आणि चांगलं खाणं दिवसाचं आहे, रात्रीचं नाही. सकाळी डाळपुरी, फराटा, गातो पिमां. दुपारी बारा-एकला भात किंवा नूडल्स. चारनंतर बुलेत (सूपात दिलेले वाफवलेले चिनी गोळे) आणि तळलेलं. समुद्रकाठची पर्यटकांची गावं सोडली तर संध्याकाळी सहा-सातला शटर खाली. राजधानी पोर्ट लुई तर ऑफिसं सुटली की ओस पडतं. आठला "आता लोकल काहीतरी खाऊ" म्हणून बाहेर पडलात की पिझ्झाच मिळणार. बसही संध्याकाळनंतर कमी होतात, तेव्हा परतीचं आधी ठरवा.

डाळपुरीबद्दल जरा सविस्तर, कारण चांगली-वाईट ओळखता आली पाहिजे. चणाडाळ किंवा पिवळ्या वाटाण्याची डाळ हळद घालून बोटचेपी शिजवतात, पण गिचका होऊ देत नाहीत. पाणी पूर्ण निथळून डाळ कोरडी वाटतात, भाजलेल्या जिऱ्याची पूड घालतात. निथळलेलं पाणी फेकत नाहीत, त्यातच मैदा मळतात, म्हणून पोळी मऊ राहते आणि पिवळसर दिसते. पुढे भरून लाटायचं तंत्र पुरणपोळीचंच, फक्त पातळ आणि तिखटमिठाचं. डाळ जास्त शिजली तर सारण ओलं होऊन पोळी लाटतानाच फाटते. कमी शिजली तर कणी राहते आणि दाताखाली लागते.

तव्यावरून उतरलेल्या पोळ्या एकावर एक रचून झाकून ठेवतात. वाफेवर मऊ राहतात त्या तास-दोन तासच. म्हणून गिऱ्हाईक जास्त असलेली गाडी शोधायची, तिथे थप्पी सारखी नवी होत असते. घेण्याआधी कडेकडे बघा: कड कडक होऊन चिरली असेल तर सोडून द्या. मोटरसायकलच्या मागे काचेची पेटी बांधून विकणारेही असतात, आणि साडेनऊ-दहाच्या आत गाठले तर त्यांची पुरी दुकानाइतकीच चांगली असते. दुपारी एकनंतर "फिनी" (संपलं) ऐकायची तयारी ठेवा.

विकतात जोडीवर. दोन पोळ्या, मध्ये पांढऱ्या मोठ्या दाण्याच्या शेंगभाजीचा रस्सा (कारी ग्रो प्वा), टोमॅटोचं रुगाय (मसालेदार सॉस), कोथिंबिरीची चटणी आणि वाटलेली मिरची, मग कागदात गुंडाळी. मागायचं असं: "एन पेर दाल पुरी, पिमां आपार." म्हणजे मिरची वेगळी देतील. न सांगता ती आतच पडते आणि मग काढता येत नाही. ही लहान हिरवी मिरची आपल्या लवंगीच्या वळणाची आहे. रस्सा पातळ असतो, गुंडाळी तीन-चार मिनिटांत खालून भिजते, तेव्हा गाडीशेजारी उभं राहूनच संपवा. खोलीवर नेऊन खाऊ म्हणाल तर लगदा खाल.

रोझ हिलमधली 'देवा'ची डाळपुरी सगळ्यांना माहीत आहे. रांग दिसते त्याहून पटापट सरकते. रोझ हिलला मेट्रोने जाता येतं: पोर्ट लुई ते क्युरपीप ही लाइन रोझ हिल आणि कात्र बोर्नमधून जाते. फ्लिक आं फ्लाकहून मात्र आधी बसने कात्र बोर्नला यावं लागेल.

फराटा म्हणजे आपला पराठा, सारण नसलेला, तेलाच्या पदरांचा. तो डाळपुरीपेक्षा लवकर वातड होतो, म्हणून समोर भाजून देत असेल तरच घ्या.

गातो पिमां: भिजवलेली डाळ भरड वाटून त्यात कांद्याची पात, कोथिंबीर, मिरची घालून तळलेले लहान गोळे. सकाळी लोणी लावलेल्या पावात चार-पाच दाबून खातात. गरम असतील तरच अर्थ आहे, गार झाले की तेलकट आणि दडदडीत.

पैसे: सुटे न्या. दोघांची डाळपुरीची न्याहारी तिथल्या शंभर रुपयांच्या नोटेत बसते, त्यामुळे हजाराची नोट पुढे केलीत की गाडीवाला बघतच राहील. स्थानिक लोक 'ज्यूस' अ‍ॅपने देतात, पण त्याला तिथल्या बँकेचं खातं लागतं.

बुलेत आणि शाकाहाराच्या भानगडी शुभदाताईंनी लिहाव्यात, त्यांना जास्त माहीत आहे.

मिलिंद

---

प्रेषक: शुभदा
विषय: उत्तर: मॉरिशस, साधी खाण्याची ठिकाणं

अदिती,

डाळपुरीच्या गाडीवर तू निर्धास्त खा, तिथलं नेहमीचं भरण शाकाहारीच असतं. मात्र जिथे फराट्याबरोबर चिकन-मटणाचा रस्साही आहे तिथे डाव बघ. एकच डाव दोन्ही पातेल्यांत फिरतो. आधीच सांगितलंस तर वेगळा घेतात, वाईट वाटून घेत नाहीत.

खरी गफलत चिनी खाण्यात होते. बुलेतच्या दुकानात वाफेच्या टोपल्या मांडलेल्या असतात. चिमट्याने हवे तेवढे नग वाडग्यात घ्यायचे, नगावर पैसे, वरून कढत पाणीदार बुयों (सूप), कांद्याची पात, लसूण-व्हिनेगरचं पाणी, मिरची. त्यातलं न्यूक येन हे शूशूचं, म्हणजे दक्षिणेत चौचौ म्हणतात त्या फळभाजीचं. पांढरट, अर्धपारदर्शक, भाजीचं म्हणून शाकाहारी वाटतं. पण त्यात सुकी कोलंबी किंवा चिकन बहुधा असतंच. तेओकॉन दिसायला टोफूचा तुकडा, आत माशाचं सारण. सावमाय मांसाचंच, पोर्कही असू शकतं. आणि सगळं टाळून नुसतं शाकाहारी निवडलंस तरी बुयों हाडांचा किंवा कोलंबीचा असतो. तेव्हा बुलेत हे निखिलचं खाणं समज. त्याने मासा आणि कोलंबीचे नग घ्यावेत. मुसलमान मालकाच्या दुकानात पोर्क नसेल पण बीफ असू शकतं, चिनी मालकाकडे पोर्क बहुधा असतंच. दोन्ही टाळायचं तर प्रत्येक टोपलीवर बोट ठेवून विचारावं.

मीन फ्री, म्हणजे परतलेल्या नूडल्स, अंड्यासकट तुला चालतील. "सां लाव्यान" म्हटलं की मांस वगळतात, पण ऑयस्टर सॉस हे कोणी मांसात धरत नाही, आणि मागचा घाणा परतलेली कढई नुसती पुसून घेतात. ऑयस्टर सॉस वेगळा नको म्हणावा लागतो. गर्दीच्या वेळी हे सांगून उपयोग नाही, साडेअकराला जा.

हलीम मागू नकोस. गाडीवरचं हलीम बहुधा मांसाचंच असतं.

तुझ्यासाठी उरतं ते कमी नाही. भाज्यांचा आशार (कोबी, गाजर, फरसबी मोहरी-हळद-व्हिनेगरात), ब्रेद म्हणजे परतलेल्या पालेभाज्या, डाळ-भात, बटाट्याचा रस्सा. खानावळीत ताटाची ऑर्डर देण्याआधी "की कारी एना झोर्दी?" विचारायचं. आज कुठले रस्से आहेत ते तोंडी सांगतात, बहुतेक ठिकाणी मेनूकार्ड नसतंच. पालेभाजीत सुकी मासळी घालायची पद्धत आहे, तेवढं विचारून घे. गोडात गातो पातात: रताळ्याच्या पारीत ओलं खोबरं-साखर, तळलेली.

तुम्ही सप्टेंबरात जाताय. गणेश चतुर्थी तिथे सार्वजनिक सुट्टी आहे. मराठी वस्तीत, कास्कावेलसारख्या गावात, घरोघर गणपती असतात, आणि फ्लिक आं फ्लाकहून कास्कावेल अगदी जवळ आहे. सुट्टीच्या दिवशी हिंदू मालकांची बरीच दुकानं बंद असतात. त्या दिवसाचं खाणं आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.

शुभदा

---

प्रेषक: अदिती
विषय: उत्तर: मॉरिशस, साधी खाण्याची ठिकाणं

मिलिंददादा, शुभदाताई, खूप आभार. पोर्ट लुईला एकच दिवस देऊ शकतो. तिथे क्रम कसा लावावा? आणि निखिलला ऑक्टोपस खायचाय.

अदिती

---

प्रेषक: संदीप
विषय: उत्तर: पोर्ट लुईचा एक दिवस

ऑक्टोपस आधी. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याची पकड बंद असते, माद्यांना अंडी घालू द्यायला. सप्टेंबरात ताटात येईल तो फ्रीझरमधला. रश्श्यात फ्रोझन ऑक्टोपस चालून जातो, उलट गोठून तंतू सैल झालेले असतात म्हणून मऊ शिजतो. सॅलडमध्ये मात्र तो पाणचट लागतो. तेव्हा सॅलड नको, रस्सा घ्या. त्यापेक्षा माशाचं विंदाय मागवा: तळलेल्या माशाला वाटलेली मोहरी, हळद, लसूण, कांदा आणि व्हिनेगर लावून मुरवतात. ते गारच वाढतात, दुसऱ्या दिवशी जास्त लागतं, म्हणून "कालचं आहे" असं सांगितलं तर नाक मुरडू नका.

पोर्ट लुईसाठी कामाचा दिवस निवडा, रविवार नको. शुक्रवारी दुपारी जुम्मा मशिदीच्या आसपास रॉयल रोडवर नमाजाची गर्दी असते आणि मुसलमान मालकांची दुकानं तेवढा वेळ बंद राहतात. चायनाटाउन त्याच पट्ट्यात आहे, सगळंच अडतं.

नऊच्या सुमारास मेट्रोने शेवटच्या आप्रवासी घाट स्टॉपला उतरा. घाट समोरच आहे. गिरमिटिया (करारावर आणलेले) मजूर इथेच उतरत, 2006 पासून ती जागा जागतिक वारसा यादीत आहे. मध्यवर्ती बाजार तिथून पायी. बाजारात खाण्याच्या गाळ्यांवर डाळपुरी, एक जोडी दोघांत, जास्त नको. मग आलुदा: गार दूध, भिजवलेला सब्जा, किसलेली अगर-अगरची जेली, व्हॅनिला किंवा बदामाचं सिरप. जेली समुद्री शेवाळाची असते, अदितीला चालेल. फार गोड असतो, एक ग्लास दोघांना पुरतो. ऊन चढायच्या आधी घ्या, दुपारी रांग बाहेर येते.

साडेअकरा ते पावणेबाराला चायनाटाउन. बारा ते एक ऑफिसवाल्यांचा आहे, तेव्हा टेबल मिळत नाही. बोल राँव्हेर्से मागवा. वाडग्यात तळाला हाफ फ्राय अंडं, त्यावर कॉर्नफ्लॉरने दाट केलेली परतलेली भाजी-चिकन-कोलंबी, वर दाबून भात. वाडगं ताटलीवर उपडं करून आणतात, म्हणजे अंडं वर येतं. वाडगं आपण उचलायचं असतं. झटक्यात उचललं तर घुमट कोसळतो. एक कड किंचित वर करून हवा आत जाऊ द्यायची, मग सरळ उचलायचं. कडेने पातळ रस वाहायला लागला तर समजावं की सॉस नीट आटवला नव्हता, खालचा भात पाच मिनिटांत खीर होईल, भरभर खा. भाज्यांचा बोल करून देतात, फक्त ऑयस्टर सॉसचं वर लिहिलंय ते लक्षात ठेवा. एक बोल दोघांना भरपूर होतो, उरलंच तर बांधून देतात.

चारला मेट्रो पकडून परत निघा. फ्लिक आं फ्लाकच्या सार्वजनिक किनाऱ्यालगत, कॅझुरिनाच्या झाडांखाली, खाण्याच्या गाड्या लागतात. अननस तिथे घ्या: लहान व्हिक्टोरिया जातीचा, सर्पिलाकार डोळे काढून दांड्यासकट देतात, चिंच, मीठ आणि मिरची लावून. "मिरची कमी" सांगायला विसरू नका.

संदीप

---

प्रेषक: शुभदा
विषय: उत्तर: पोर्ट लुईचा एक दिवस

एक राहिलं. येताना आशार किंवा व्हॅनिलाचा बोआ शेरी चहा आणणार असाल तर कंपनीचं सीलबंद पाकीट-बाटलीच आणा, बाजारातला सुटा आशार नको. पर्थला उतरताना कार्डवर खाद्यपदार्थ आहेत असं लिहाच. लिहून दाखवलेलं फार तर ठेवून घेतात. न लिहिता सापडलं तर दंड. अननस आणि ताज्या मिरच्या तिथेच संपवून या.

शुभदा