कानमुशी महासागर ओलांडत असेल, तर आपल्या किनाऱ्यावर वेगळे संरक्षण हवे का?

प्रश्न (मालवण)

आमच्या बंदरावर हातोडीसारख्या डोक्याची लहान मोरी, म्हणजे कानमुशी, अधूनमधून जाळ्यात येते. हा मासा खोल समुद्रात दूरवर फिरतो, त्यामुळे जगभरचा साठा एकच आहे आणि इथे कमी झाला तरी बाहेरून भर पडत राहील, असे काही ट्रॉलरमालक ठामपणे सांगतात. जनुकीय अभ्यासातून हे खरे ठरते का? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर (रत्नागिरी)

त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. या जातीचे (स्फिर्ना लेविनी) जगभरातील नमुने तपासणारा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फक्त आईकडून पिल्लांना मिळणारा मायटोकाँड्रियातील डीएनए पाहिला होता. सलग किनारपट्टीवर त्यात फरक थोडा होता, पण मध्ये महासागर असलेल्या किनाऱ्यांमध्ये तो ठळक होता. पुढे 2012 मध्ये दोन्ही पालकांकडून येणारा डीएनए तपासला, तेव्हा हाच फरक बराच कमी भरला. याचा सरळ अर्थ असा की नर महासागर ओलांडून दूरच्या माद्यांशी संग करतात, माद्या मात्र पिल्ले घालायला आपल्याच भागातील उथळ पाण्याकडे परततात. आपल्या किनाऱ्यावरच्या माद्या संपल्या तर परक्या नरांच्या येण्याने पिल्ले होणार नाहीत, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते, कारण मादी वयात यायला बरीच वर्षे लागतात आणि गर्भ 8 ते 12 महिने पोटात वाढतो.

अमेरिकेने 2014 मध्ये या जातीला कायद्याचे संरक्षण देताना जगभरच्या गटांचा वेगवेगळा विचार केला, तो याच आधारावर. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2019 पासून संपूर्ण जातच अतिसंकटग्रस्त ठरवली आहे.

उत्तर (अलिबाग)

वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो. निळ्या शार्कच्या बाबतीत महासागरांमधला जनुकीय फरक फारच थोडा आढळतो आणि त्यावरून साठा एकच आहे असे लगेच मानले जाते, पण तसे मानणे धोक्याचे आहे. दर पिढीत मोजकेच मासे इकडून तिकडे गेले तरी जनुकांतला फरक पुसला जातो. तेवढ्या माशांनी उपसलेला समुद्र पुन्हा भरत नाही. म्हणून फरक सापडला नाही, हे मासेमारी वाढवण्याचे कारण होऊ शकत नाही.

प्रश्नकर्ता (मालवण)

दोघांचेही आभार. आम्ही इथे नेमके काय करावे?

उत्तर (रत्नागिरी)

पिल्लू जिवंत असेल तर लगेच सोडून द्यावे. मेलेले असेल तर त्याला उलटे करून छातीच्या दोन परांमधील जागा पाहावी. तिथे नाळेची खूण अजून उघडी दिसली, तर ते अलीकडेच जन्मलेले आहे आणि माद्या जवळपासच पिल्ले घालत असाव्यात. त्याचा फोटो, लांबी आणि तारीख यांची नोंद ठेवून ती केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या मुंबई केंद्राला कळवावी. डीएनएसाठी पराचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवला तरी पुरतो, मात्र तो संशोधकांनी सांगितल्यावर आणि आवश्यक परवानगी असेल तरच घ्यावा. नोंदीत मासळी कोणत्या बंदरावर उतरली एवढेच लिहून भागत नाही, कारण रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला लागलेल्या ट्रॉलरने जाळे कुठेही ओढलेले असू शकते. जाळे कुठे आणि किती वाव (सुमारे सहा फुटांचे एक माप) खोल पाण्यात होते, हे तांडेलालाच, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखालाच, विचारून लिहावे.