मदत हवी आहे: ई-रीडरवरची जुनी रिव्हिजन परत कशी घ्यायची?

नमस्कार मंडळी,

मी कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोल, म्हणजे दस्तऐवजांच्या आवृत्त्या (रिव्हिजन) आणि त्यांच्या प्रतींचा हिशोब, बघते. छपाई कमी करायची म्हणून साहेबांनी उत्पादन लाइनवर ई-रीडर (कागदासारख्या पडद्याचं वाचनयंत्र) द्यायचं मनावर घेतलंय. चाचणीसाठी दोन आणलेत, एक ६ इंची, एक १०.३ इंची. डोळ्यांना त्रास नाही, रोज चार्जिंगची कटकट नाही, इथवर सगळे खूश.

६ इंची पहिल्याच दिवशी बाद. आमच्या एसओपी (कामाच्या ठरलेल्या पद्धतीचे दस्तऐवज) ए-४ पीडीएफमध्ये, म्हणजे २१० बाय २९७ मिमीचं पान. त्या पडद्यावर अक्षरं मुंगीएवढी. रिफ्लो केलं (पडद्याच्या मापाने मजकूर नव्याने मांडला) तर मजकूर वाचता येतो, पण तक्त्याचे रकाने विस्कटतात आणि टॉर्कचा (बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा) आकडा भलत्याच बोल्टसमोर जाऊन बसतो. १०.३ इंचीवर आडवं धरून निभावतं. लाल-पिवळे इशारे मात्र सगळे करडेच.

एवढं चालवून घेतलं असतं. कागदाचं कसं, 'कंट्रोल्ड कॉपी'चा (नोंद ठेवलेली अधिकृत प्रत) शिक्का मारायचा, नवी रिव्हिजन आली की जुनी मोजून परत घ्यायची. आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक) च्या ७.५.३ मध्ये दस्तऐवजांचं वितरण आणि बदल यांवर नियंत्रण ठेवायला सांगितलंय, म्हणजे जुनी प्रत चुकून वापरात राहता कामा नये. ई-रीडरमध्ये केबलने टाकलेली फाइल कोण परत मागणार? मागच्या आठवड्यात एकाने रिव्हिजन ४ बघून जोडणी केली, सर्व्हरवर ५ होती. सुदैवाने तपासणीत सापडलं.

आयटीवाले ईमेलने फाइल पाठवू देत नाहीत, कारण ती उत्पादकाच्या क्लाउडमधून जाते. (बरोबरच आहे त्यांचं.) अँड्रॉइडवर चालणारा ई-रीडर घेतला तर एमडीएममधून (कंपनीची उपकरणं दुरून सांभाळणारी प्रणाली) फाइल पुसता येईल म्हणतात, पण तो वाय-फायवर आला तरच ना? शिवाय पेनने लिहिलेल्या टिपा मूळ दस्तऐवजात आणायच्या कशा, हाही प्रश्न आहेच.

कोणी हे प्रत्यक्ष राबवलंय का?

प्रतिसाद: आम्ही ई-रीडरवरची प्रत कंट्रोल्ड धरतच नाही. पीडीएफ बनतानाच प्रत्येक पानावर 'अनियंत्रित प्रत', रिव्हिजन क्रमांक आणि उतरवल्याची तारीख उमटते. ऑडिटची तयारी, मसुदे तपासणं यासाठी ई-रीडर उत्तम. लाइनवर मात्र थेट सर्व्हरवरून उघडणारा मॉनिटर लावलाय. टिपांचं म्हणाल तर पीडीएफ एक्सपोर्ट करून बदल-विनंतीला जोडतो, मूळ फाइलला हात लावत नाही.

धागाकर्ती: धन्यवाद! तारखेचा शिक्का उद्याच लावून बघते. मॉनिटरचं साहेबांना कसं सांगायचं ते बघावं लागेल, ई-रीडरची ऑर्डर जवळजवळ गेलीच आहे.