इम्पोर्ट न करता जुनी जपानी स्पोर्ट्स कार (अमेरिका): कुठे शोधायची, काय बघायचं?

सॅनहोजेकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात आहे ते आता विचारूनच टाकतो. मला एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार घ्यायचीय, वीकेंडला चालवायला आणि स्वतः पाना हातात घेऊन काम करायला. सुरुवात निसानच्या आर३२ स्कायलाइनपासून झाली, पण पंचवीस वर्षांच्या नियमाने (गाडी तितकी जुनी झाली की इम्पोर्ट चालते) फेडरलची, म्हणजे केंद्र सरकारची, अडचण सुटली तरी कॅलिफोर्नियात कार्बचं (सीएआरबी, राज्याचं हवा-प्रदूषण मंडळ) प्रकरण वेगळंच आहे, लॅबमध्ये नेऊन एमिशन पास करून घ्यायचा खर्च कळला आणि तो विषय मी बंद केला. म्हणजे इम्पोर्ट नाही, एजंट नाही, जपानी ऑक्शन शीट (लिलावातला गाडीच्या स्थितीचा कागद) नाही. जी गाडी इथेच अमेरिकेत शोरूममधून नवी विकली गेली, लेफ्ट हँड ड्राइव्ह, तीच हवी. बजेट वीस-पंचवीस हजार डॉलर. डोक्यात डॅटसन २४०झेड, माझदाची पहिली आरएक्स-७ आणि टोयोटाची एमआर२ आहेत. क्रेगलिस्ट आणि फेसबुक मार्केटप्लेस रोज बघतो, तिथे एकतर सांगाडे असतात नाहीतर चकाचक रंगवलेल्या आणि बजेटच्या पार बाहेरच्या गाड्या. कुठे शोधायचं, आणि गाडीसमोर उभं राहिल्यावर नेमकं काय बघायचं?

झेडवाला_काका

अरे वा, योग्य ठिकाणी विचारलंस. माझं आयुष्य डॅटसनच्या झेड गाड्यांच्या खाली झोपून गेलंय त्यामुळे जरा लांबणार, वाच निवांत.

तू कॅलिफोर्नियात आहेस तर मॉडेलच्याही आधी वर्ष ठरव. तिथे १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेल इयरच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक (धुराची तपासणी) नाही, १९७६ पासून पुढे दर दोन वर्षांनी आहे. झेडमध्ये २४०झेड ही १९७० ते ७३, २६०झेड १९७४ ची आणि २८०झेड १९७५ ते ७८. सगळे २४० च्या मागे धावतात, त्यातही पहिल्या सिरीजच्या मागे जास्त, २०२० च्या जानेवारीत ब्रिंग अ ट्रेलर या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर एक १९७१ ची तीन लाख दहा हजार डॉलरला गेली. तो आकडा बघून प्रत्येक विक्रेत्याला वाटतं आपल्या गॅरेजमध्ये खजिना पडलाय. पण १९७५ ची २८०झेड बघ ना! तोच बॉडी शेप, २.८ लिटरचं इंजिन, बॉशचं फ्युएल इंजेक्शन त्यामुळे सकाळी थंडीत एका किल्लीत सुरू होते, आणि स्मॉगमधून सूट. लोकांना पुढचे-मागचे मोठे बंपर आवडत नाहीत आणि वजन थोडं जास्त आहे म्हणून त्याच स्थितीतल्या २४० पेक्षा ती स्वस्त मिळते. तुझ्या बजेटला मी डोळे झाकून हेच वर्ष सांगेन.

१९७३ ची २४० किंवा २६० घेतलीस तर बॉनेट उघडून कार्ब्युरेटर आधी बघ. त्या दोन वर्षांत एमिशनसाठी फ्लॅट-टॉप, म्हणजे चपट्या डोक्याचे, कार्ब्युरेटर बसवले होते आणि ते गरम झाल्यावर फार छळायचे, म्हणून पुष्कळ मालकांनी आधीचे गोल डोक्याचे एसयू टाइप कार्ब्युरेटर शोधून बसवले. तसे बसवलेले असतील तर उलट बरंच.

आता मुख्य गोष्ट. इंजिन बघून गाडी घेऊ नकोस, पत्रा बघून घे. झेडचं एल-सिरीजचं इंजिन दणकट आहे, दुरुस्त करणारे मिळतात, पार्ट मिळतात. गंजलेली मोनोकॉक (वेगळी चौकट नसलेली) बॉडी सरळ करायला गाडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे जातात. पॅसेंजर साइडला फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) बॅटरी असते, तिच्या ट्रेखाली ॲसिड गळून गळून पत्रा खाल्लेला असतो आणि त्याच्या बरोबर खाली फ्रेम रेल (गाडीचा भार पेलणारी पत्र्याची पट्टी) आहे, सगळ्यात आधी तिथे टॉर्च मार. मग कार्पेट उचलून फ्लोअर, पुढच्या फेंडरच्या मागचा कोपरा, दारांखालचे पत्रे (रॉकर), दाराच्या मागे चाकाच्या कमानीपर्यंतचा तुकडा, मागे स्पेअर टायरचा खड्डा. खिशात लहानसं मॅग्नेट ठेव, कागदात गुंडाळून लाव म्हणजे रंगाला चरा नको. चिकटलं नाही तिथे आत पुट्टी आहे. आणि गाडीच्या पोटाला ताजं काळं अंडरकोटिंग मारलेलं दिसलं तर मला तरी ते कधीच आवडलेलं नाही, बहुतेक वेळा खाली काहीतरी झाकलेलं असतं.

नंबर पण ताडून बघ. २४० आणि २८० चा चेसिस नंबर एचएलएस३० ने सुरू होतो, २६० चा आरएलएस३० ने. डॅशबोर्डवरची पट्टी, फायरवॉलवर ठोकलेला नंबर, इंजिन बे मधली प्लेट आणि टायटल (गाडीच्या मालकीचा कागद), सगळीकडे एकच हवा. त्या प्लेटवर इंजिन नंबरही असतो, तो ब्लॉकशी जुळला तर चांगलं, नाही जुळला तरी चालवायच्या गाडीला काही बिघडत नाही, फक्त किंमत तशी लाव.

रोटरीप्रेमी_एलए

काकांशी सहमत पण आरएक्स-७ ला असं बाजूला नका टाकू. पहिली पिढी अमेरिकेत १९७९ ते ८५ विकली गेली. बहुतेकांत १२ए रोटरी (पिस्टनऐवजी फिरणारा रोटर असलेलं इंजिन) आणि कार्ब्युरेटर, फक्त १९८४-८५ च्या जीएसएल-एसई मध्ये फ्युएल इंजेक्शनवाली १३बी. ती हलकी, वर फिरायला उत्सुक गाडी एकदा घाटात चालवली की पिस्टनची गाडी सपक लागते, खरंच सांगतो.

कॅलिफोर्नियात या सगळ्याच वर्षांना स्मॉग लागतो हे मात्र लक्षात घ्या. कार्ब्युरेटरभोवती व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जंजाळ असतं, आधीच्या मालकांनी ते कंटाळून काढून फेकलेलं असतं आणि मग गाडी कितीही सुंदर पळो, तपासणीत बघताक्षणी फेल. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच, सध्याचं स्मॉग सर्टिफिकेट दाखव. खाजगी विक्रीत ते द्यायची जबाबदारी विकणाऱ्याचीच असते, "तू करून घे, सहज पास होईल" म्हणाला तर तिथून निघायचं. दुसरं, कॉम्प्रेशन टेस्ट रोटरीच्या खास टेस्टरनेच करून घ्या. साध्या गेजवर रोटरच्या तिन्ही बाजूंचं वेगवेगळं प्रेशर कळत नाही आणि एपेक्स सील (रोटरच्या टोकाचं सील) गेलंय का हे त्यावरूनच समजतं. गाडी चांगली गरम करा, बंद करा, दहा मिनिटांनी परत सुरू करा. गरम असताना चटकन सुरू होत नसेल तर इंजिन काढायची वेळ जवळ आलीय. तेल थोडं कमी होणार, ते रोटरीत मुद्दाम जाळलं जातं, त्याला घाबरू नका.

एमआर२ ची पहिली पिढी १९८५ ते ८९ ची. स्वस्तातली आहे, १.६ चं ४ए-जीई इंजिन मधोमध. स्मॉग तिलाही आहेच.

फीनिक्सची_केतकी

शोधायचं कुठे याबद्दल मी सांगते. आमच्याकडे ॲरिझोनात हवा कोरडी, रस्त्यावर मीठ नाही, त्यामुळे पत्रा टिकतो. ईशान्येकडे हिवाळ्यात मीठ टाकतात त्या भागातली जुनी झेड फोटोत कितीही छान दिसली तरी लिफ्टवर बघितल्याशिवाय हात लावू नका. उन्हाचा त्रास वेगळा, इथल्या जवळजवळ प्रत्येक झेडचा डॅशबोर्ड तडकलेला असतो, रबरं वाळलेली असतात. मागच्या हॅचचं सील गेलं की चालवताना एक्झॉस्टचा वास आत येतो. पण ही सगळी पैसे देऊन सुटणारी कामं आहेत, गंजाचं तसं नाही.

मार्केटप्लेसवर चांगली गाडी दुपारपर्यंत टिकत नाही. खऱ्या चांगल्या गाड्या क्लबमध्ये हातोहात जातात. प्रत्येक मोठ्या शहरात झेड क्लब आहे, त्यांची देशभराची संघटना दरवर्षी झेडकॉन भरवते. तुम्ही कॅलिफोर्नियात आहात तर लाँग बीचला जपानी क्लासिक कार शो असतो, २००५ पासून चालू आहे, तिथे नुसतं हिंडू नका, मालकांशी बोला. साठी-सत्तरीतले लोक असतात, गाडी नवी घेतलेले, सगळ्या पावत्या फाईलला लावून ठेवलेले. त्यांना गाडी चांगल्या हातात जायला हवी असते, भाव शेवटी येतो. मला माझी अशीच एका आजोबांकडून मिळाली, त्यांनी आधी मलाच तासभर प्रश्न विचारले!

ब्रिंग अ ट्रेलर आणि कार्स अँड बिड्स खरेदीसाठी नाही तर अभ्यासासाठी वापरा. विकल्या गेलेल्या गाड्यांच्या किमती तिथे उघड दिसतात, आणि खालच्या कमेंटमध्ये जाणकार लोक फोटोतला एकेक चुकीचा बोल्ट दाखवतात. तिथूनच घेतलीत तर बोलीवर खरेदीदाराची फी वेगळी असते हे बजेटमध्ये धरा.

सॅनहोजेकर

काका, केतकीताई, मनापासून आभार! १९७५ चं गणित मला माहीतच नव्हतं. आज शोधलं तर नेवाडात एक १९७५ ची २८०झेड दिसली, चार स्पीड मॅन्युअल, फोटोत पत्रा बरा वाटतोय, सात-आठ वर्षं उभी आहे. पण विक्रेता म्हणतो टायटल हरवलंय, बिल ऑफ सेलवर (नुसत्या विक्रीच्या पावतीवर) देतो, त्या बदल्यात दोन हजार कमी. घ्यावी का?

झेडवाला_काका

अशी नको. टायटल हरवलं असेल तर त्याच्याच राज्याच्या डीएमव्हीत (आपल्या आरटीओसारखं ऑफिस) अर्ज करून त्याला डुप्लिकेट मिळतं, फी किरकोळ असते. ते त्याने स्वतः काढावं, त्याच्या नावावर, कर्जाचा बोजा नसलेलं, मग पैसे. काढायला तयार नसेल तर गाडी मुळात त्याच्या नावावर नसण्याची शक्यता आहे, आणि दोन हजारांत तो त्रास मिटत नाही. चेसिस नंबर घेऊन चोरीची नोंद आहे का हेही तपास, पण गाडी इतकी जुनी आहे की रेकॉर्ड कोरं आलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस.

टायटल आलंच तर पुढचं असं. बाहेरच्या राज्यातली गाडी म्हणून कॅलिफोर्नियात नंबरची प्रत्यक्ष पडताळणी करून घ्यावी लागेल आणि रजिस्टर करताना यूज टॅक्स (बाहेरून घेतलेल्या वस्तूवरचा राज्याचा कर) भरावा लागेल, तो आत्ताच किमतीत मिळव. इतकी वर्षं उभी आहे तर पेट्रोलची टाकी आतून गंजलेली धर, ती साफ केल्याशिवाय स्टार्टर मारू देऊ नकोस, तो सगळा कचरा इंजेक्टरमध्ये जातो. चार स्पीडचं वाईट वाटून घेऊ नकोस, पाच स्पीड १९७७ पासून आली आणि पुढच्या २८०झेडएक्सचा गिअरबॉक्स यात बसवणारे पुष्कळ आहेत. इंजेक्शन कुरकुरलं तर महागडे पार्ट घेण्याआधी वायरिंगचे कनेक्टर आणि अर्थिंग साफ कर, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

आणि जायच्या आधी त्याला सांग, बॅटरी काढून ट्रेचा फोटो पाठव, दोन्ही फ्रेम रेलचे खालून फोटो पाठव. पाठवले तर इथे टाक, आपण सगळे मिळून बघू.