कीटनचा 'द जनरल' आज दाखवायचा तर: कुठली प्रत, किती वेग आणि ती खटकणारी बाजू

पडदापाड्या:
बस्टर कीटनचा 'द जनरल' (1926) वीसेक जणांना दाखवायचा आहे. मूकपट म्हणजे चॅप्लिन, एवढीच बहुतेकांची ओळख. प्रश्न तीन. नेटवर 75 मिनिटांपासून शंभराच्या पुढेपर्यंत वेगवेगळ्या लांबीच्या प्रती आहेत, कुठली घ्यावी? इंजिन चोरीला जाईपर्यंतचा भाग रेंगाळतो, तो कापला तर चालेल का? आणि नायक अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या बाजूचा, सिनेमा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. याचं काय करायचं?

रीळमास्तर:
आधी प्रतीचं. 35 मिमीच्या फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी (फ्रेम). म्हणजे हजार फुटांचं रीळ सेकंदाला 24 चौकटींनी साधारण 11 मिनिटं चालतं आणि 16 चौकटींनी पावणेसतरा. लांबीतली तफावत बरीचशी इथूनच येते, जास्तीची दृश्यं सापडली म्हणून नव्हे. 'जनरल' 75 ते 80 मिनिटांचा बघा. शंभरीपारची प्रत म्हणजे माणसं पाण्यातून चालल्यासारखी दिसणार, आणि कीटनची पडझड हळू झाली की विनोदच मरतो.

टीव्हीवर दाखवणार असाल तर दोन सेटिंग्ज तपासा. चित्र मूळच्या जवळपास चौकोनी आकारातच राहू द्या, बाजूला काळे पट्टे दिसले तर दिसू देत. ताणलं तर चाकं लंबगोल होतात आणि 'झूम' केलं तर वरखालचं कापलं जातं. दुसरं, 'मोशन स्मूदिंग' (टीव्ही हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करतो ती सोय) बंद करा.

सांधेवाला:
सुरुवात अजिबात कापू नका. नायक जॉनीला सैन्यात घेत नाहीत, कारण इंजिन ड्रायव्हर म्हणून तो जास्त उपयोगाचा. पण हे कारण त्याला कोणी सांगत नाही आणि त्याची प्रेयसी ॲनाबेल त्याला भित्रा समजते. पुढची सगळी धावपळ यावर उभी आहे. शिवाय सिनेमातला सगळ्यात देखणा शॉट याच भागात आहे: खिन्न जॉनी इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो, इंजिन हलतं, दांडा त्याला वरखाली करत शेडमध्ये घेऊन जातो आणि त्याला पत्ताच नाही. वाफ जरा जास्त सुटून चाकं जागच्या जागी गरगरली असती तर माणूस फेकला गेला असता. तिथे ट्रिक नाही.

ओळख करून देताना, चोरांच्या पाठलागात जॉनीच्या इंजिनामागे जोडलेल्या तोफेचा प्रसंग समजावा, बाकीचं लोकांना आपोआप कळेल. पहिल्यांदा तोफेत चिमूटभर बारूद, गोळा जवळच पडतो. म्हणून दुसऱ्यांदा पूर्ण डबा ओततो. वात पेटवून परत निघताना पाय कपलिंगमध्ये (डबे जोडणाऱ्या कडीत) अडकतो, सुटलेली कपलिंग स्लीपरवर आपटत जाते, त्या हादऱ्याने तोफेची नळी खाली येऊन नेम थेट त्याच्यावरच. वाचवतं काय? रुळांचं वळण. त्याचं इंजिन वळतं, गोळा सरळ जातो. एकही गोष्ट आकाशातून पडत नाही.

उत्तरेचा_पाहुणा:
सांधेवाल्यांशी सहमत, पण तिसऱ्या प्रश्नाला दोघांनीही बगल दिली. ते आधीच सांगा, दोन मिनिटांत. ही 12 एप्रिल 1862 ची खरी घटना. जेम्स अँड्र्यूज आणि उत्तरेच्या माणसांनी जॉर्जियातल्या बिग शँटीहून 'जनरल' नावाचं इंजिन पळवलं. पकडल्यावर अँड्र्यूजसह आठ जणांना फाशी झाली. 1863 मध्ये पहिली 'मेडल ऑफ ऑनर' (अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी शौर्यपदक) पदकं मिळाली ती याच टोळीतल्यांना. म्हणजे खऱ्या गोष्टीतले वीर सिनेमात खलनायक झालेत. प्रेक्षक दक्षिणेला खलनायक म्हणून स्वीकारणार नाहीत, असा कीटनचा हिशोब होता. तो हिशोब धंद्याचा होता; त्यातून गुलामगिरीचा प्रश्न गायब झाला, हे दडवू नका. कला म्हणून माफ, असंही म्हणू नका.

ॲनाबेलचंही तसंच. चालत्या इंजिनात ती झाडू मारते, भट्टीत घालायचं लाकूड भोक आहे म्हणून फेकून देते, तेव्हा जॉनी तिचा गळा धरतो आणि लगेच मुका घेतो. लोक हसतील, एखादी हसणारही नाही. पण पोत्यात लपून, आतून हात काढून डब्यांच्या कपलिंगची पिन काढते तीही हीच. अगदीच बावळट नाही ती.

जाता जाता: दक्षिणेचे गणवेश करडे, उत्तरेचे निळे. कृष्णधवलात फिके विरुद्ध गडद. हे आधी सांगितलं नाही तर जॉनी लाकडं फोडत असताना पाठीमागून एक सैन्य माघार घेतं आणि दुसरं पुढे येतं, ती गंमत निम्म्यांच्या डोक्यावरून जाईल.

पडदापाड्या:
पटलं, कापत नाही. पेटी-तबला प्रत्यक्ष वाजवला तर?

रीळमास्तर:
चालेल, फालक्यांच्या काळात आपल्याकडेही पडद्यापुढे साजिंदे बसायचे. पण प्रत्येक आपटण्यावर थाप नको. लय इंजिनाची धरा, माणसाची नको. आणि जळता पूल कोसळतो तिथे हात थांबवा. खरं इंजिन, ओरेगॉनमधली खरी नदी, 23 जुलै 1926 ला एकाच टेकमध्ये घेतलेला शॉट. सांगाडा दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिथेच पडून होता. संवादांच्या पाट्या थोड्या आहेत. मराठीत वाचून दाखवणार असाल तर एकानेच वाचा, आणि पाटी गेल्यावर नव्हे, पाटी असतानाच.