जुन्या डिझेल गाडीचं ॲव्हरेज पडलं म्हणणारे सगळे निष्काळजी का?

जुना_पंप: काल एकाने लिहिलंय, "सल्फर कमी केलं म्हणून ॲव्हरेज पडलं असं रडणारे गाडीला वर्षानुवर्षं हात लावत नाहीत आणि खापर डिझेलवर फोडतात." वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. डिझेल बदललंय हे तरी मान्य आहे ना? अमेरिकेत २००६ ला सल्फर ५०० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५०० भाग) १५ वर आलं, युरोपात २००९ पासून १०, भारतात १ एप्रिल २०२० पासून ५० वरून १०. सल्फर काय चाळणीने गाळून काढत नाहीत, रिफायनरीत दाबाखाली हायड्रोजन देऊन काढतात, आणि त्या प्रक्रियेत ॲरोमॅटिक्सही (डिझेलमधले कड्याच्या रचनेचे जड घटक) कमी होतात, तेल हलकं होतं, लिटरमागे ऊर्जा घटते. आपण डिझेल लिटरवर घेतो, किलोवर नाही. माझी गाडी लिटरला १७ द्यायची, आता १४ वर आलीय. सर्व्हिसिंग एकदाही चुकलेलं नाही. मग मी निष्काळजी कसा?

आकडेमोड: तो कालचा मीच. ऊर्जा घटते, पण किती घटते ते सोयीस्कर गाळलंत. साधारण एक टक्का! म्हणजे १७ चे १६.८ होतील. तुमचे तर १७-१८ टक्के गेलेत, ते डिझेलने कसे खाल्ले ते सांगा. टाकी फुल करताना पंपाचं नोझल कधी लवकर कट होतं कधी उशिरा, एक टक्का त्यातच जातो. माझा मावसभाऊ असाच डिझेलला शिव्या घालत होता, त्याच्या गाडीचा थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंटची वाट बंद ठेवणारी झडप) उघडा अडकलेला निघाला, इंजिन कधी गरमच होत नव्हतं आणि टेंपरेचरचा काटा खाली पडलेला त्याला दिसत असूनही त्याने कधी मनावर घेतलं नाही. थर्मोस्टॅट बदलला, ॲव्हरेज परत आलं. ब्रेक चिकटतोय का बघा, टायरमधली हवा बघा, मग तेलावर या.

जुना_पंप: काटा बरोबर मधोमध असतो. चारही चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवून बघितलीत, एकही जड नाही. एअर फिल्टर नवीन आहे. तुमच्या मावसभावाने काटा बघितला नाही त्याची शिक्षा आम्हाला कशाला?

इंजिनदादा: अहो एवढा ऊहापोह कशाला, डिझेल कोरडं झालंय, त्यातलं वंगण गेलंय, दोनशेला एक या प्रमाणात टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचं) टाका. मी कित्येक वर्षं टाकतोय, इंजिनचा आवाज इतका मऊ झालाय की शेजारी विचारतात गाडी नवीन घेतली का.

प्रयोगशाळा: कृपा करून हे पसरवू नका. वंगणाचं काम सल्फर करत नव्हतं, डिझेलमधली ध्रुवीय संयुगं करत होती आणि ती सल्फर काढताना जातात. स्वीडनमध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अगदी कमी सल्फरचं डिझेल आलं तेव्हा रोटरी पंप (इंजिनला दाबाने डिझेल देणारे, डिझेलनेच वंगण होणारे) खरंच खराब झाले होते. तिथूनच लोक शहाणे झाले. आता युरोपच्या मानकात वंगणाच्या चाचणीत धातूवर पडणारा घासण्याचा डाग ४६० मायक्रॉनच्या आत राहावा लागतो आणि त्यासाठीचं ॲडिटिव्ह डिझेल तुमच्यापर्यंत यायच्या आधीच मिसळतात. वर आणखी कशाला ओतायचं?

इंजिनदादा: कागदावर ४६० असेल हो, माझ्या कानाला ऐकू येतं ते खोटं का?

आकडेमोड: कान म्हणजे मोजमाप नव्हे. आवाज मऊ झाला म्हणजे पंप वाचला असं कुठे ठरलं? आणि डीपीएफवाल्या (सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) गाडीत कुणी तुमचं ऐकून टू-टी टाकलं तर त्यातल्या राखेने फिल्टर भरेल, तो खर्च तुम्ही देणार का?

इंजिनदादा: धागा जुन्या गाड्यांचा आहे, जुन्या गाडीत डीपीएफ असतो का? आधी वाचा मग बोला. तुमच्यासारख्यांना अनुभव नको असतो, फक्त टक्के हवेत.

सहाचाकी: तुमचं टू-टी राहू द्या, बायोडिझेलबद्दल कुणी का बोलत नाही? शुद्ध बायोडिझेलमध्ये लिटरमागे आठ-नऊ टक्के ऊर्जा कमी असते. शिवाय जुन्या टाकीतला वर्षांचा गाळ ते धुऊन काढतं आणि सगळा फिल्टरमध्ये आणून बसवतं. माझा ट्रक भर चढावर ओढेनासा झाला, फिल्टर उघडला तर आत काळी खळ. गाडीमालक म्हणे, ड्रायव्हरने गाडी मारली. दोष इंधनाचा आणि बोलणी ड्रायव्हरला, हे किती वर्षं चालायचं?

प्रयोगशाळा: फिल्टरचं खरं आहे, सुरुवातीला लवकर बदलावा लागतो. पण सात टक्के मिश्रणात ऊर्जा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच घटते. आणि एक-दोन टक्के बायोडिझेलने वंगण चांगलंच सुधारतं.

इंजिनदादा: म्हणजे बाहेरून काहीतरी टाकून वंगण सुधारतं हे मान्य! मग माझ्यावर एवढं तुटून पडायचं कारण काय होतं?

प्रयोगशाळा: सुधारतं. टू-टी त्यासाठी बनवलेलं नाही, एवढंच.

नोझल_सेटिंग: पंप खोलून पोट भरतो म्हणून बोलतो. तुम्ही सगळे ऊर्जेवर भांडताय आणि ऑइल सील विसरलात. जुनं रबर ॲरोमॅटिक्सने फुगून बसलेलं असतं. ॲरोमॅटिक्स कमी झाले की ते आकसतं, त्यात वयाने कडक झालेलं. मग रोटरी पंपाच्या ॲक्सिलरेटर शाफ्टला डिझेलचा ओलावा येतो, त्यावर धूळ चिकटून काळा थर बसतो. तिथूनच हवा आत जाते. रात्री लाइनमधलं डिझेल टाकीत उतरतं, सकाळी सेल्फ लांब मारावा लागतो. आता ॲव्हरेजचं. या पंपात टायमिंगचा ॲडव्हान्स (वेग वाढला की डिझेल थोडं आधी फवारणं) पंपाच्या आतल्या डिझेलच्या दाबावर हलतो. हवा शिरली किंवा आतल्या व्हेन (दाब तयार करणारी पाती) घासल्या की दाब पडतो, टायमिंग मागे राहतं, पांढरट धूर येतो, पिकअप जातो आणि ॲव्हरेज एक टक्का नाही, चांगलं सणसणीत पडतं. फीड लाइनमध्ये हातभर पारदर्शक पाइप टाका आणि इंजिन चालू ठेवून बघा, बुडबुडे पळताना दिसले तर चोर सापडला.

जुना_पंप: सकाळी सेल्फ लांब मारावा लागतोच! मी बॅटरी बदलली तरी फरक पडला नाही. आता बोला आकडेमोड, डिझेल बदलल्याचा संबंध आहे की नाही?

आकडेमोड: सील आकसण्यापुरता आहे, तेवढं मानतो. पण पंधरा-वीस वर्षांचं रबर आज ना उद्या जाणारच होतं, आणि एक टक्क्याचं गणित जागच्या जागी आहे.

जुना_पंप: मग "हात लावत नाहीत" हे शब्द मागे घ्या.

आकडेमोड: पाइप टाकून बुडबुडे दाखवा, मग तुमच्यापुरते घेतो.

सहाचाकी: माझ्या ट्रकला इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर, एका ओळीत) आहे, त्यालाही हेच लागू का?

नोझल_सेटिंग: नाही. त्याचा कॅमशाफ्ट इंजिन ऑइलमध्ये चालतो आणि ॲडव्हान्स डिझेलच्या दाबावर नसतो, त्यामुळे तो बराच सोसतो. तुम्ही टाकीचा तळ साफ करून घ्या. आणि जुना_पंप, सील बदलताना व्हिटॉनचे (इंधन सोसणाऱ्या खास रबराचे) मागा, ते बायोडिझेललाही टिकतात. पंप उतरवण्याआधी टायमिंगची खूण मात्र करून घ्यायला सांगा.