गूगल ॲड ग्रँट्स: सीटीआर ५ टक्क्यांच्या खाली, देणग्या शून्य. गोधड्यांची विक्री यातून होईल का?

साडीपेटी

नमस्कार मंडळी. आमची पुण्यातली नोंदणीकृत संस्था लोकांकडून जुन्या सुती साड्या गोळा करते आणि वस्तीतल्या बायका त्यांच्या गोधड्या शिवतात. विक्रीतून मजुरी निघते, पाळणाघर मात्र देणग्यांवर चालतं. ॲड ग्रँट्स मंजूर आहे, म्हणजे महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या सर्च जाहिराती फुकट. गेल्या महिन्यात सीटीआर (जाहिरात जितक्या वेळा दिसली त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं) ३.४ टक्के होता. या महिन्यात आजवर १२,००० इम्प्रेशन (म्हणजे जाहिरात तितक्या वेळा दिसली) आणि ३८० क्लिक आहेत, दहा दिवस उरलेत. कीवर्ड (ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसते ते) असे: 'एनजीओ इन पुणे', 'डोनेशन', 'महिला सक्षमीकरण', 'जुन्या साड्या दान', 'गोधडी'. जाहिरातींतून एकही देणगी आलेली नाही. काय बदलावं? गोधड्याही याच जाहिरातींतून विकता येतील का?

आकडेमोड

आधी सीटीआर, कारण सलग दोन महिने पूर्ण खात्याचा आकडा ५ टक्क्यांखाली राहिला तर खातं बंद होऊ शकतं. तुमचा सध्या ३.२ आहे. कीवर्ड आज थांबवले तरी झालेली इम्प्रेशन पुसली जात नाहीत. पुढच्या दहा दिवसांत १० टक्के सीटीआर मिळाला, तरी महिन्याची सरासरी ५ वर यायला किमान ४,४०० इम्प्रेशन लागतील. ते अवघड आहे, पण निम्मं साधलं तरी पुढचा महिना नीट सुरू होईल. खातं बंद झालंच, तर दुरुस्त्या करून ते पुन्हा सुरू करण्याची विनंती करता येते. घाबरून नवीन खातं उघडू नका.

'डोनेशन' आणि 'गोधडी' हे एकेका शब्दाचे कीवर्ड ग्रँटच्या नियमांत बसतच नाहीत (संस्थेचं स्वतःचं नाव आणि काही ठरावीक शब्द सोडून). ते काढा. क्वालिटी स्कोअर (गूगल कीवर्डला दहापैकी देतं ते गुण) १ किंवा २ असलेलेही थांबवा. मग सर्च टर्म्स रिपोर्ट उघडा, म्हणजे लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं ते दिसेल. 'एनजीओ इन पुणे' शोधणाऱ्यांत नोकरी आणि इंटर्नशिप शोधणारे भरपूर असतात, 'महिला सक्षमीकरण' शोधणाऱ्यांत निबंध आणि भाषण शोधणारी मुलं. त्यांना तुमची जाहिरात दिसते, ते क्लिक करत नाहीत आणि सीटीआर खाली ओढला जातो. म्हणून 'निबंध', 'भाषण', 'घोषवाक्य', 'जॉब', 'सॅलरी', 'लिस्ट', 'पीडीएफ' हे निगेटिव्ह कीवर्डमध्ये (ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत) टाका. निगेटिव्हमध्ये गूगल समानार्थी शब्द स्वतःहून धरत नाही, तेव्हा 'नोकरी' आणि 'जॉब' दोन्ही लिहा, दोन्ही लिप्यांत.

तुमचा खरा कीवर्ड यादीत चौथा आहे. कपाट भरलं की लोक 'जुन्या साड्या कुठे द्यायच्या', 'जुने कपडे दान पुणे' असंच शोधतात. देणगी द्यायला म्हणून अनोळखी छोटी संस्था शोधणारे अगदी थोडे. या एका गरजेवर वेगळं पान करा: कोणत्या साड्या चालतात (सुती, मऊ, धुतलेल्या), कोणत्या नाहीत (नायलॉन, जरीकाठ), कुठे आणि किती वाजता आणून द्यायच्या, घरून नेता का, किमान किती नग. जाहिरातीवरून थेट त्याच पानावर आणा. मुखपृष्ठावर आणलंत तर माणूस परत जातो.

निळीशाई

वरच्याशी सहमत, थोडी भर. लोक मराठीतच शोधतात, पण पुष्कळजण रोमन लिपीत टाइप करतात आणि फोनची भाषा इंग्रजी ठेवलेली असते. त्यामुळे कॅम्पेनच्या भाषांमध्ये मराठीबरोबर इंग्रजी आणि हिंदीही निवडा. देवनागरी, रोमन मराठी आणि इंग्रजी कीवर्डचे वेगवेगळे ॲड ग्रुप (कॅम्पेनमधले कीवर्ड आणि जाहिरातींचे गट) करा, म्हणजे ज्या लिपीत शोधलं त्याच लिपीत मथळा दिसेल. मथळ्याला ३० अक्षरांची मर्यादा आहे आणि त्यात काना-मात्रा सुटे मोजले जातात. 'जुन्या साड्या आम्हाला द्या' हे दिसायला छोटं, पण २६ भरतं. प्रत्येक कॅम्पेनमध्ये किमान दोन ॲड ग्रुप आणि खात्यात किमान दोन साइटलिंक (जाहिरातीखाली दिसणाऱ्या जास्तीच्या लिंक) ठेवा, त्याही ग्रँटच्या अटी आहेत.

ठिकाणाच्या सेटिंगमध्ये आपोआप 'तिथे असलेले किंवा त्यात रस असलेले' निवडलेलं असतं. ते बदलून फक्त तिथे असलेले करा, नाहीतर पुण्याबद्दल वाचणारा दिल्लीतला माणूसही मोजला जातो.

आता कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीवरून आलेल्या माणसाने आपल्याला हवी ती कृती करणं. हे नीट नसेल तर बाकी सगळं वाया, कारण मॅन्युअल बोलीला (एका क्लिकसाठी आपण स्वतः ठरवतो त्या रकमेला) २ डॉलरची कमाल मर्यादा आहे आणि ती फक्त 'मॅक्सिमाइझ कन्व्हर्जन्स'सारख्या, गूगलच बोली लावतं अशा पद्धतीत सुटते. ती पद्धत चालते कन्व्हर्जनच्या आकड्यांवर. पान नुसतं उघडलं हे कन्व्हर्जन धरू नका. फॉर्म भरला, व्हॉट्सॲपचं बटण दाबलं, फोन लावला, देणगी पूर्ण झाली, एवढंच धरा. जीए४ मध्ये (गूगल ॲनालिटिक्स ४, वेबसाइटवर लोक काय करतात ते मोजणारं साधन) एन्हान्स्ड मेजरमेंट हे सेटिंग चालू असेल तर व्हॉट्सॲपच्या लिंकवरचा क्लिक बाहेरच्या डोमेनचा म्हणून आपोआप नोंदवला जातो. त्यावरून वेगळा इव्हेंट (कृतीची नोंद) बनवा, तो की इव्हेंट (महत्त्वाचा) म्हणून निवडा आणि ॲड्समध्ये इम्पोर्ट करा. फोन नंबरवरचा क्लिक मात्र आपोआप येत नाही, त्यासाठी टॅग मॅनेजर या गूगलच्याच साधनात ट्रिगर (कशावर नोंद व्हावी तो नियम) लावावा लागतो. बऱ्याच संस्थांचे फोन वाजतात आणि अहवालात शून्य दिसतं, ते यामुळे.

पावतीपुस्तक

देणग्यांबद्दल. पानावर नुसता यूपीआयचा क्यूआर असेल तर पैसे येतील, पण देणगीदाराचा पॅन आणि पत्ता येणार नाही. मग ८०जीचं (देणगीवरच्या आयकर सवलतीचं) प्रमाणपत्र देता येत नाही आणि आयकर खात्याकडे भरायच्या विवरणात ती देणगी नावानिशी दाखवता येत नाही. मार्च संपला की प्रमाणपत्रासाठी फोन सुरू होतात आणि तेव्हा नुसत्या यूपीआय आयडीवरून माणूस शोधावा लागतो. म्हणून आधी छोटा फॉर्म (नाव, पॅन, पत्ता, फोन) आणि तो भरल्यावर क्यूआर किंवा पेमेंट गेटवे. रोख २,००० रुपयांच्या वरच्या देणगीला ८०जीची सवलत नाही, हेही तिथेच लिहा.

एफसीआरए नोंदणी (परकीय देणगी घ्यायला लागणारी) नसेल तर देणगीच्या जाहिराती भारतापुरत्याच ठेवा. परदेशातले मराठी लोक पैसे पाठवायला उत्सुक असतात, पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्याची देणगी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी परकीय ठरते. भारतीय पासपोर्टवर तिकडे राहणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी त्यात मोडत नाही. म्हणून फॉर्मवर नागरिकत्वाचा प्रश्न हवाच.

साडी देऊन गेलेल्या माणसाला पंधरा दिवसांनी त्या साड्यांच्या गोधडीचा फोटो पाठवा आणि पाळणाघराच्या एका मुलाच्या महिन्याच्या खर्चाचा आकडा सांगा. पहिली देणगी मागायची ती त्याच्याकडे.

ठिपकेदार

विक्रीचं उत्तर: ग्रँटमधून मुख्यतः विक्री करू नका. वेबसाइटचा मुख्य हेतू व्यापार दिसला तर ती अपात्र ठरू शकते. गोधड्यांचं पान असायला हरकत नाही, मात्र येणारा पैसा कशावर खर्च होतो ते तिथे स्पष्ट लिहा. विक्रीच्या जाहिराती करायच्याच असतील तर वेगळं, पैसे भरून चालवायचं खातं काढा.

पण त्याआधी व्हॉट्सॲप बिझनेस नीट लावा, त्याला पैसे पडत नाहीत. कॅटलॉगमध्ये बाळाची दुपटी, सिंगल, डबल असे वेगळे नग टाका. प्रत्येकात लांबी-रुंदी, वजन, किंमत आणि किती दिवसांत मिळेल ते लिहा. गोधडीचा फोटो दिवसाउजेडी काढा, एक पूर्ण आणि एक टाक्यांचा जवळून. चॅटच्या लिंकमध्ये नंबर ९१ पासून सुरू करा. पुढे शून्य, अधिकचं चिन्ह, मोकळी जागा काही नको. लिंकमध्ये आधीच भरलेला मेसेजही ठेवता येतो. वेबसाइट, इन्स्टाग्राम आणि छापील कार्ड यांना वेगवेगळं वाक्य दिलंत तर गिऱ्हाईक कुठून आलं ते पहिल्या मेसेजवरूनच कळतं.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत) २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. 'पाठवलं पण कुणी विचारलं नाही' याचं कारण बहुतेक वेळा हेच. ऑर्डर पक्की झाली की 'नंबर सेव्ह करून ठेवा' असं आवर्जून सांगा.

साडीपेटी

मनापासून आभार. दोन्ही कीवर्ड काढले, निगेटिव्हची यादी टाकतेय. साड्यांचं पान कधीपर्यंत तयार हवं?

आकडेमोड

ताई, दसरा-दिवाळीच्या साफसफाईत कपाटं रिकामी होतात. पान गणपतीच्या आधी तयार ठेवा आणि जाहिराती पितृपक्षात सुरू करा, म्हणजे बोली सुधारायला कन्व्हर्जनचे दोन-तीन आठवडे हाताशी येतील. त्या साड्यांच्या गोधड्या थंडीच्या मागणीला उपयोगी पडतील. दुपट्यांना मात्र मोसम नाही, तो कॅटलॉग आजच लावा.