मदत हवी आहे: नोकरी सोडल्यावर कंपनीचा मेडिक्लेम पुढे चालू ठेवता येतो का?

घोडबंदरवाली:
मंडळी, सध्या नोटीस पिरियडवर आहे. ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत काम करते. प्रोजेक्ट पुण्याला हलतोय आणि मुलाचं दहावीचं वर्ष, त्यामुळे बिऱ्हाड उचलून तिकडे जाणं शक्य नाही. म्हणून राजीनामा दिला. दुसरी नोकरी हातात नाही. काही महिने घर चालेल एवढी तजवीज आहे, घोडं अडलंय ते मेडिक्लेमवर.

आमच्याकडे विमा म्हणून जे काही आहे ते म्हणजे माझ्या कंपनीची ५ लाखांची ग्रुप पॉलिसी. तिच्यात मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई. नवऱ्याचं वागळे इस्टेटला छोटं प्रिंटिंगचं युनिट आहे, त्या बाजूने काहीच नाही. त्याला शुगर आहे, शिवाय हर्निया निघालाय. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करावं लागेल, पण घाई नाही." हे ऐकल्यापासून आमच्याकडे आधी गणपती झाल्यावर, मग दिवाळी झाल्यावर असं चालू आहे. सासूबाई ७२ वर्षांच्या, बीपी आणि गुडघे.

एचआरला विचारलं तर एका ओळीत उत्तर आलं: कव्हर लास्ट वर्किंग डेपर्यंत. पुढचं तुमचं तुम्ही बघा, हे न लिहिताही कळलं.

भाऊ न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, तिकडे कोब्रा नावाचा कायदा आहे, नोकरी गेली तरी कंपनीचीच पॉलिसी साधारण १८ महिने स्वतः पैसे भरून चालू ठेवता येते. आपल्याकडे असं काही आहे का? की सरळ नवीन पॉलिसी घ्यायची? एका एजंटने "मॅडम, आजच घ्या, शुगरचं लिहायची गरज नाही" असा सल्ला दिलाय. तो मला पटलेला नाही.

वाशीकर:
ईएसआयसी (कामगारांची सरकारी विमा योजना) बघितलं का?

घोडबंदरवाली:
पगार २१ हजारांच्या वर आहे हो. त्यात बसत नाही.

निवृत्त_विमावाला:
ताई, तुमच्या भावाकडे आहे तसा कायदा आपल्याकडे नाही. कंपनीची पॉलिसी जशीच्या तशी चालू ठेवता येत नाही. पण आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नियमांत मायग्रेशन आहे: ग्रुपमधल्या माणसाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच रक्कम) पॉलिसीत जाता येतं. एकदम दुसऱ्या विमा कंपनीकडे जाता येत नाही. आधी त्याच कंपनीत मायग्रेट व्हायचं, आणि सेवा आवडली नाही तर पुढच्या रिन्यूअलला पोर्ट करायचं, म्हणजे दुसऱ्या विमा कंपनीकडे न्यायचं.

यात वाचतो तो तुमचा वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम मिळण्याआधी थांबावं लागतं तो काळ. नवीन पॉलिसी घेतलीत तर पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच नाही, शुगर-बीपीसारख्या आधीच्या आजारांना जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं (एप्रिल २०२४ च्या आधी ४ होती), आणि हर्निया, मोतीबिंदू, गुडघेबदल यांना बहुतेक पॉलिसींत २ वर्षं. मायग्रेशनमध्ये ग्रुपमध्ये काढलेली वर्षं त्यातून वजा होतात. अट अशी की ही सूट जुन्या रकमेपुरतीच. ५ चे १० लाख केलेत तर वरच्या ५ लाखांचं वेटिंग नव्याने सुरू.

मायग्रेशन मागितलं की मिळालंच, असंही नाही. ग्रुपमधून येणाऱ्याची विमा कंपनी तपासणी करू शकते, प्रीमियम वाढवून सांगू शकते, नाहीही म्हणू शकते. म्हणून अर्ज लास्ट वर्किंग डेच्या आधी गेलेला बरा. एचआरकडून पॉलिसी नंबर, विमा कंपनीचं नाव (टीपीएचं, म्हणजे क्लेम हाताळणाऱ्या मधल्या संस्थेचं नाही, कार्डावर बहुतेक तेच ठळक असतं) आणि तुम्ही कधीपासून कव्हर्ड आहात याचं पत्र घ्या. मधल्या काळात तुमच्या कंपनीने विमा कंपनी बदलली असेल तर जुनी कार्डंही शोधून ठेवा आणि ती वर्षं धरणार का, हे मेलवर विचारा. फोनवरचं 'हो' क्लेमच्या वेळी कामाला येत नाही.

त्या एजंटला नमस्कार करून निरोप द्या. सलग ६० महिने पूर्ण होईपर्यंत लपवलेल्या आजारावरून क्लेम नाकारता येतो, आणि सिद्ध झालेल्या फसवणुकीला तर त्यानंतरही माफी नाही.

कळव्याची_काकू:
अगं, हर्निया आत्ताच उरकून घे की! कव्हर आहे तोवर कॅशलेस मिळेल, नंतर कोण बघणार. माझ्या भाच्याने नोटीस पिरियडमध्येच मोतीबिंदू केला. डिस्चार्जसुद्धा शेवटच्या तारखेच्या आधी मिळेल असं बघ, आणि नंतरच्या ड्रेसिंग-औषधांची बिलं चालतील का ते टीपीएला विचार. नवऱ्यांना दिवाळी-बिवाळी सांगू देत, तू डॉक्टरांची तारीख घेऊन ये.

घणसोली_लोकल:
सासूबाईंसाठी वेगळा विचार करा. त्यांना फ्लोटरमध्ये घेतलंत तर प्रीमियम त्यांच्या वयावर ठरेल आणि चौघांचा मिळून आकडा बघून चक्कर येईल. वयोवंदना कार्ड काढलंय का? ७० च्या वरच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाखांचं कव्हर आहे, ऑक्टोबर २०२४ पासून. उत्पन्नाची अट नाही, आधीच्या आजारांना वेटिंग नाही, खासगी विमा असला तरी चालतं. आधार असलं की आयुष्मान ॲपवरून घरीच होतं. आमच्या वडिलांचं काढलं तेव्हा बोटाचा ठसा काही उमटेना, शेवटी ओटीपीवर झालं. फक्त पॅनेलवरचंच हॉस्पिटल लागतं, तेव्हा ठाण्यात तुम्हाला सोयीचं कुठलं आहे ते आत्ताच बघून ठेवा.

शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य झालाय, आधी १८ टक्के होता. जुन्या कोटेशनवर जाऊ नका.

घोडबंदरवाली:
सगळ्यांचे आभार. मायग्रेशनचं एचआरला माहीतच नव्हतं, पण पॉलिसी नंबर आणि पत्र द्यायला तयार झालेत. विमा कंपनीला मेल गेली आहे, तिघांच्या फ्लोटरसाठी. सासूबाईंचं कार्ड या रविवारी. "सरकारी कार्डावर चांगले डॉक्टर बघतात का?" असा त्यांचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर घणसोलीकरांनी द्यावं.

काकू, तारीख घेते. नवरा कुरकुरतोय, पण बिलाचा अंदाज दाखवल्यावर आवाज कमी झालाय. ठाण्यात दुर्बिणीतून हर्नियाचं ऑपरेशन करणारे चांगले सर्जन कुणाला माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माजिवडा-कापूरबावडीच्या बाजूचे असतील तर उत्तम.

निवृत्त_विमावाला:
व्यनि केलाय. आणि प्रपोजल फॉर्ममध्ये हर्नियाचं ऑपरेशन आणि शुगर, दोन्ही लिहा.